खळ्यापासून औंढ्यापर्यंत : पवनचक्कीच्या जागेचा शोध

मळणीयंत्रे गावोगावी पोहोचण्यापूर्वी मराठवाड्यात खळी असत. हिंगोली-परभणीकडच्या एखाद्या वयस्क शेतकऱ्याला विचारून पाहा, खळे कुठे करायचे हे तो आजही सांगेल. घरांच्या आडोशाला नाही, ओढ्याकाठच्या खोलगटात नाही, गर्द झाडाच्या पाठीशी तर मुळीच नाही. गावाबाहेर, जरा उंचवट्यावर, जिथे वाऱ्याला काही आडवे येत नाही अशा जागी. वावडीवर उभे राहून ज्वारी उफणायची, तर वारा हवाच; आणि तो एकसारखा हवा. झुळूक आली आणि गेली, असा वारा भूस उडवण्याऐवजी पुन्हा धान्यातच आणून टाकतो.

पवनचक्की कुठे उभारायची हा प्रश्न मुळात खळ्याचाच प्रश्न आहे. फरक असा की, खळ्याची जागा चुकली तर उफणणी एक-दोन दिवस लांबते. पवनचक्कीची जागा चुकली तर ती चूक पुढे वीस-पंचवीस वर्षे मनोऱ्यासारखी उभी राहते. म्हणून पवनविजेचा इतिहास हा जितका यंत्रांचा इतिहास आहे, तितकाच तो जागा शोधण्याचा आणि वारा मोजण्याचा इतिहास आहे. या इतिहासाकडे आज पुन्हा पाहण्याचे एक कारण हिंगोली जिल्ह्यातच आहे. औंढा नागनाथजवळ एक असे उपकरण उभे राहायचे आहे, की ज्याला वारा नको आहे, कंप नको आहे, केवळ स्तब्ध जमीन हवी आहे. त्याकडे शेवटी वळू.

आधी थोडे गणित. वर्गात हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. हवेला वस्तुमान आहे, म्हणून वाहत्या हवेत गतिज ऊर्जा आहे, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे आपण शिकवतोच. पण पवनचक्कीच्या पात्यांसमोरून दर सेकंदाला किती हवा जाते, हेसुद्धा वेगावरच अवलंबून असते. वेग दुप्पट, तर हवाही दुप्पट. म्हणजे वाऱ्यातून मिळू शकणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. याउलट वेग ३० टक्क्यांनी कमी भरला, तर शक्ती जवळजवळ एक-तृतीयांशावर येते (०.७ चा घन काढून पाहा).

आता एक फसवा प्रश्न. एका गावात वर्षभर सेकंदाला ४ मीटर वेगाने वारा वाहतो. दुसऱ्या गावात सहा महिने २ मीटर आणि सहा महिने ६ मीटर. दोघांची सरासरी ४ मीटरच. पवनचक्की कुठे लावाल? पहिल्या गावासाठी घन ६४. दुसऱ्यासाठी ८ आणि २१६ यांची सरासरी, म्हणजे ११२. दुसरे गाव पावणेदोनपट श्रीमंत! महाराष्ट्राचा वारा या दुसऱ्या गावासारखा आहे. आपल्याकडच्या पवनविजेचा निम्म्याहून बराच जास्त भाग जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत तयार होतो. तेव्हा नुसती वार्षिक सरासरी सांगणारा माणूस आपल्याला काहीच सांगत नसतो.

वाऱ्यापासून वीज करण्याचे पहिले प्रयोग १८८७-८८ मधले. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी आणि अमेरिकेत क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी आपापल्या घरापुरती वीज तयार केली. पण शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे नाव तिसरेच आहे. पोल ला कूर हे डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत शिकवत असत. १८९१ मध्ये सरकारी मदत मिळवून त्यांनी शाळेच्या आवारात प्रयोगासाठी पवनचक्की उभी केली. वारा पडल्यावर दिवे विझू नयेत म्हणून त्यांनी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की काय होते, हे शाळेच्या खिडक्यांच्या काचांनी एकापेक्षा अधिक वेळा अनुभवले! ला कूर यांनी खेड्यातल्या तरुणांना वीजतंत्री करण्याचे वर्ग चालवले. त्या वर्गातून शिकलेल्या योहानेस युल यांनी पुढे १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. आजच्या चक्क्यांची ती आजी म्हणता येईल. डेन्मार्क पवनविजेत पुढे का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा असा एका शाळेपर्यंत जातो.

जागेची चूक किती महाग पडते हे मात्र अमेरिकेने शिकवले. पामर पुटनम या अभियंत्याने १९४१ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या ग्रँडपाज नॉब नावाच्या डोंगरमाथ्यावर १२५० किलोवॉटची चक्की उभी केली. त्या काळात एवढे मोठे यंत्र जगात दुसरे नव्हते. जागा निवडताना पुरेशी वर्षे वारा मोजायला सवड नव्हती, युद्ध दारात होते. मग पुटनम यांनी तज्ज्ञांचा अंदाज घेतला, माथ्यावरची झाडे वाऱ्याने कितपत वाकली आहेत याचाही अभ्यास करवला. प्रत्यक्षात वाऱ्याचा सरासरी वेग अंदाजाच्या सुमारे ७० टक्केच भरला. वरचे ०.७ चे गणित आठवा. १९४५ मध्ये पाते तुटून ती चक्की बंद पडली, पण जागेचा हिशेब त्याआधीच चुकला होता. पुटनम यांचा मोठेपणा असा, की त्यांनी हे सगळे आकड्यांसह पुस्तकात लिहून ठेवले. अपयशाची वही इतकी नीट ठेवणारे अभियंते कमीच.

आता भारताकडे येऊ. १९६० च्या दशकात बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने पाणी उपसण्याच्या पवनचक्क्यांवर काम केले. परंतु खरी निकड निर्माण झाली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जा विभाग स्थापन झाला, आणि पहिलाच प्रश्न पुढे आला : भारतात वारा आहे कुठे?

वेधशाळांकडे वाऱ्याच्या नोंदी होत्या, नाही असे नाही. पण वेधशाळा हवामानासाठी वसवलेल्या. त्यांची वातकुक्कुटे आणि वेगमापके शहरांत, विमानतळांवर, जमिनीपासून साधारण १० मीटरवर. भोवती घरे वाढली, झाडे वाढली, की नोंदीतला वारा वर्षानुवर्षे 'कमी' होत जातो. तो वारा खरा मानून गणित केले, तर भारतात पवनविजेला वावच नाही असे उत्तर येई.

हे चित्र बदलण्यात सर्वांत मोठा वाटा अ‍ॅना मणी यांचा. १९१८ मध्ये केरळातल्या पीरमेड येथे जन्मलेल्या मणी १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणे देशातच बनली पाहिजेत, या ध्यासाने त्यांनी तिथला उपकरण विभाग घडवला. दोन उपकरणे एकाच वाऱ्यात दोन आकडे दाखवत असतील तर त्या आकड्यांना अर्थ नाही, हा त्यांचा आग्रह. निवृत्तीनंतर त्यांनी भारताच्या वाऱ्याचे काम हाती घेतले. १९८३ मध्ये डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी भारतातील पवनऊर्जेच्या माहितीचा ग्रंथ सिद्ध केला. त्यानंतर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या बंगळूर येथील शाखेतून देशभर शेकडो ठिकाणी मोजणीचे खांब उभे करण्याचा कार्यक्रम चालवला. खिंडी, सडे, किनारे, टेकड्या, जिथे वेधशाळा कधीच गेली नव्हती अशा जागा. खांबही २० ते २५ मीटरचे, म्हणजे चक्कीच्या उंचीच्या जवळ जाणारे. आज भारतात पवनविजेची क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे, तिचा पाया या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदवह्यांत आहे. मोजमाप हे विज्ञानातले हमालीचे काम समजणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

महाराष्ट्रात ऊर्जा विकास अभिकरण म्हणजे 'मेडा' १९८५ मध्ये स्थापन झाले आणि १९८६ मध्ये सिंधुदुर्गातल्या देवगडला, समुद्रकाठच्या कड्यावर, राज्यातली पहिली चक्क्यांची रांग उभी राहिली. एकेक चक्की ५५ किलोवॉटची. पात्यांचा फेर सुमारे १५ मीटर व्यासाचा. त्याच सुमारास गुजरातेत मांडवी व ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि ओडिशात पुरी येथेही असेच प्रयोग झाले. यादी पाहिली की लगेच लक्षात येते, सगळ्या जागा समुद्रकाठच्या. समुद्रावर वारा असतो ही कोळ्यापासून कलेक्टरापर्यंत सर्वांची समजूत होती, आणि ती खोटी नाही. पण किनाऱ्यालगतच सह्याद्रीची भिंत उभी असल्यावर सर्वांत जोराचा वारा पायथ्याशी असेल की माथ्यावर?

उत्तर माथ्यावर सापडले. नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि वर चढतो. माथ्यावरून जाताना हवेला जायला जागा कमी उरते, म्हणून तिचा वेग वाढतो. अरुंद पुलाखाली नदीचे पाणी वेगाने धावते, तसेच. त्यात सातारा जिल्ह्यातल्या माथ्यांवर जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे वाऱ्याला खाली घासायलाही फारसे काही नाही. समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंचीवरची वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर ही नावे १९९० च्या दशकाच्या अखेरीस एकदम उद्योगजगताच्या तोंडी आली. कोयना जलाशयाच्या वर, जिथे पूर्वी गुराख्यांखेरीज कोणी फिरकत नसे, तिथे शेकडो चक्क्या फिरू लागल्या. १९९५ मध्ये तुलसी तांती यांनी सुरू केलेली 'सुझलॉन' ही पुण्याची कंपनी याच सड्यांवर मोठी झाली. पुढे सांगलीचे पठार आणि धुळे जिल्ह्यात साक्रीजवळचे ब्राह्मणवेल यांची भर पडली.

इथे एक कडवट गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळात पवनचक्कीच्या खर्चावर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा धरून आयकर वाचवता येत असे. तेव्हा चक्की घेणारे अनेकजण वारा बघून नव्हे, तर ताळेबंद बघून घेत. किती युनिट वीज झाली याहून ३१ मार्चपूर्वी चक्की उभी राहिली की नाही, हे महत्त्वाचे. वाऱ्याच्या घनाचा नियम आयकर खात्याला ठाऊक नव्हता, त्याचा हा परिणाम. उत्पादित युनिटवर प्रोत्साहन देण्याची योजना केंद्राने २००९ मध्ये आणली, ती या अनुभवातूनच.

सड्यावरच्या लोकांना या साऱ्यात काय मिळाले? जमीन त्यांची, वारा त्यांच्या डोक्यावरचा, वीज मात्र तारेवरून दूर जाणारी. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत सातारा, सांगली, धुळे भागांतल्या अनेक गावांत एक समज पसरला, की या चक्क्या ढग पळवून लावतात आणि म्हणून पाऊस पडत नाही. मुले हा प्रश्न वर्गात विचारतील, आणि 'अंधश्रद्धा' म्हणून तो झटकू नये. तो तपासून पाहावा. तेव्हाच्या चक्कीच्या पात्याचे टोक जमिनीपासून १०० मीटरच्या आत. पावसाळी ढगांचा तळ त्याहून उंच, आणि त्यांची जाडी काही किलोमीटर. ढगाला बाष्प पुरवणारा प्रवाह हजारो किलोमीटर लांबून आलेला. त्याच्या तळाशी काही चक्क्यांनी घेतलेली ऊर्जा म्हणजे पुरातून भरलेला तांब्या. शिवाय महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, हा फरक चक्क्यांच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. सह्याद्रीची पर्जन्यछाया ती हीच. समज चुकीचा होता हे खरे, पण त्यामागची तक्रार, आम्हाला कोणी विचारले नाही ही, चुकीची नव्हती.

दुसरा परिणाम माणसांच्या लक्षात उशिरा आला. चाळकेवाडीच्या सड्यावर पंख्यासारखी रंगीत गळपिशवी फुलवणारा एक सरडा राहतो. २०१६ मध्ये त्याच्या प्रजातीला जे शास्त्रीय नाव मिळाले, ते आपल्याच शब्दावरून 'सरडा' असे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी आमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी चक्क्या असलेला आणि नसलेला सडा शेजारी शेजारी ठेवून अभ्यास केला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. शिकारी कमी, म्हणून सरड्यांची दाटी जास्त. सरडे कमी भेदरट झाले, माणूस बराच जवळ आला तरी पळेनात, आणि गळ्याचा रंगही फिका पडला. वरून उजाड दिसणारा सडा 'रिकामी जागा' नव्हता, हे अशा रीतीने आकड्यांत मांडले गेले.

मग चक्क्या उंच होऊ लागल्या, आणि नकाशाच बदलला.

जमिनीलगत वाऱ्याला घर्षण होते. वर जावे तसा वेग वाढतो. मोकळ्या सपाट जमिनीसाठी अभियंते एक ढोबळ नियम वापरतात : वेग उंचीच्या सातव्या मुळाच्या प्रमाणात वाढतो. ३० मीटरचा मनोरा १५० मीटरचा केला, म्हणजे उंची पाचपट केली, तर वेग सुमारे २६ टक्केच वाढतो. थोडके वाटते ना? आता त्याचा घन करा. शक्ती जवळजवळ दुप्पट! आणि पात्यांचा व्यास देवगडच्या १५ मीटरवरून १५० मीटर झाला, तर पाती झाडून काढतात ते क्षेत्र शंभरपट होते.

याचा परिणाम सरकारी अंदाजांत पाहण्यासारखा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने भारताची पवनविजेची संभाव्य क्षमता निरनिराळ्या उंचीसाठी काढली. ५० मीटरवर सुमारे ४९ हजार मेगावॉट. ८० मीटरवर १ लाख ३ हजार. १०० मीटरवर ३ लाख २ हजार. १२० मीटरवर ६ लाख ९५ हजार, आणि १५० मीटरवर ११ लाख ६४ हजार. देश तोच, वारा तोच. महाराष्ट्राचा आकडा तर ८० मीटरला ६ हजारांच्या आत होता, तो १०० मीटरला ४५ हजारांवर आणि १५० मीटरला १ लाख ७३ हजारांवर गेला. असे का? ८० मीटरपर्यंत 'चांगला वारा' म्हणजे सडे आणि खिंडी, म्हणजे मोजक्या जागा. १०० मीटरच्या वर दख्खनच्या पठारावरची विस्तीर्ण शेतजमीन त्या यादीत येऊ लागली. वाऱ्याचा शोध किनाऱ्यावरून माथ्यावर गेला होता, तो आता माथ्यावरून पूर्वेला उतरला. बीड, धाराशिव भागांत उंच मनोरे उभे राहिले आहेत. एकेकाळी जिथे खळी होती, त्या रानांत.

हिंगोली जिल्हा, जो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, वाऱ्याच्या नकाशावर पहिल्या पंगतीत नाही. पण वरचे आकडे पाहता 'इथे वारा नाही' हे वाक्य मनोऱ्याची उंची सांगितल्याशिवाय उच्चारू नये. आणि याच जिल्ह्याची निवड एका वेगळ्याच कसोटीवर झाली आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' या दोन वेधयंत्रांनी गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, टोकांशी टांगलेले आरसे आणि त्यांच्यामधून येजा करणारा लेसर. गुरुत्वीय लहर आली की या भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी बदलते, आणि ते मोजायचे असते. असेच तिसरे यंत्र भारतात उभारण्याला केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २६०० कोटींच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी मिळाली, आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. जागा : औंढा तालुका, जिल्हा हिंगोली. पुण्याची 'आयुका', इंदूर आणि गांधीनगरच्या संशोधन संस्था व अणुऊर्जा विभाग हे काम करत आहेत.

जागा शोधताना समुद्र, रेल्वे, महामार्ग आणि मोठे कारखाने यांपासूनचे अंतर पाहिले गेले, जमीन किती थरथरते ते मोजले गेले. भूकंप हिंगोलीला अनोळखी नाहीत. जुलै २०२४ मध्ये कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का सर्वांना आठवत असेल. पण असे धक्के क्वचित येतात आणि क्षणात संपतात. वेधयंत्राला छळतो तो रोजचा, न थांबणारा कंप. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन येथे शेजारच्या जंगलातली लाकूडतोड आणि मालगाड्या यांनी सुरुवातीच्या काळात दिवसा वेध घेणे अशक्य केले होते. जमिनीचा कंप ओळखून त्याविरुद्ध आपोआप हालचाल करणारी यंत्रणा पुढे बसवावी लागली.

पवनचक्की हा असाच न थांबणारा स्रोत आहे. मिनिटाला १२ फेरे घेणाऱ्या तीन पात्यांच्या चक्कीत मनोऱ्यासमोरून सेकंदाला ०.६ वेळा पाते जाते, आणि दर वेळी मनोऱ्याला हलकासा धक्का बसतो. मनोराही आपल्या स्वतःच्या मंद लयीत डोलतो. हा डोल पायातून जमिनीत उतरतो. आपल्या पायाला तो जाणवत नाही, भूकंपमापकाला जाणवतो. इटलीत पिसाजवळ 'व्हर्गो' नावाचे असेच वेधयंत्र आहे. त्याच्या परिसरातल्या चक्क्यांचा अभ्यास झाला, तेव्हा सेकंदाला १.७ आवर्तनांचा त्यांचा कंप अनुकूल परिस्थितीत ११ किलोमीटरपर्यंत ओळखता आला.

'लायगो'ला तर सेकंदाला दहाहून अधिक आवर्तनांच्या लहरी ऐकायच्या आहेत, मग इतक्या मंद कंपाची चिंता का? हे वर्गात दोन मिनिटांत दाखवता येते. मीटरभर दोरीला दगड बांधा. हात भराभर इकडेतिकडे हलवला तर दगड जवळजवळ जागीच राहतो. हात अगदी सावकाश हलवला तर दगड हाताबरोबर जातो. आणि दोरीच्या स्वतःच्या लयीत, म्हणजे साधारण दोन सेकंदांना एक झोका अशा गतीने हलवला, तर दगड हातापेक्षाही जास्त झुलतो. वेधयंत्राचे आरसे असेच टांगलेले असतात. भराभर येणाऱ्या कंपांपासून टांगणी त्यांना वाचवते. चक्कीचा मंद कंप मात्र नेमका टांगणीच्या लयीच्या आसपासचा. आरसे झुलू लागले, की लेसर जागेवर धरून ठेवणेच कठीण होते.

असा पेच जगात प्रथमच पडतो आहे असे नाही. स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे १९६२ पासून अणुचाचण्यांचे कंप टिपणारी भूकंपमापकांची रांग आहे. भोवतीच्या डोंगरांवर वारा उत्तम, म्हणून २००४ च्या सुमारास तिथे चक्क्यांचे प्रस्ताव येऊ लागले आणि संरक्षण खात्याने हरकत घेतली. कील विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी चक्क्यांचा कंप प्रत्यक्ष मोजला. त्यावरून नियम ठरला : १० किलोमीटरच्या आत एकही चक्की नाही. ५० किलोमीटरपर्यंत सर्व चक्क्यांनी मिळून जमीन ०.३३६ नॅनोमीटरपेक्षा जास्त हलवायची नाही. जणू कंपाचे अंदाजपत्रकच! येईल त्या प्रकल्पाला त्यातला वाटा मिळत गेला. काही वर्षांत ते संपले आणि रांगेतले प्रकल्प अडले. मग पुन्हा मोजणी झाली, तेव्हा दिसले की मूळ सूत्राने चक्क्यांचा कंप वाजवीपेक्षा जास्त धरला होता, आणि काही वाव अजून शिल्लक होता. नियम बरोबर होता की चूक, याचा निकाल दोन्ही वेळा मोजणीनेच लागला.

एस्कडेलम्यूरचे आकडे औंढ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिथली उपकरणे वेगळी, खडक वेगळा. इथे बेसाल्टचे थर, वर काळी माती, मधे मुरमाचे आणि लाल मातीचे पट्टे. मंद कंप या थरांतून किती दूर जातो, पावसाळ्यात काळी माती भिजल्यावर त्यात काय फरक पडतो, हे इथेच, दोन्ही ऋतूंत, उपकरण लावून पाहावे लागेल. तरी आवाका कळण्यापुरता एक खेळ करता येईल. जिल्ह्याच्या नकाशावर कर्कटकाचे टोक औंढ्यावर ठेवून १० आणि ५० किलोमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे विद्यार्थ्यांना काढायला सांगा. आतल्या वर्तुळात औंढ्याभोवतीची काही गावे येतात. बाहेरच्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी आणि सेनगाव तर येतातच, शिवाय परभणी शहरही येते, आणि रेघ जाते ती थेट नांदेडच्या वेशीवरून. आतले वर्तुळ पाळायला फारसे कठीण नाही. बाहेरच्यात लक्षावधी शेतकरी आहेत, आणि उंच मनोऱ्याचे भाडे घेऊन एखादी कंपनी उद्या त्यांच्या बांधावर आली, तर तिला काय सांगायचे याचा आकडा त्यांच्या हाती आधी असायला हवा.